पडद्यापलीकडचा घरोबा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



या व्यासपीठावरून आजवर विद्वानांनी, प्राध्यापकांनी आणि न्यायमूर्तींनी विचार मांडले आहेत. मी एक साधा कापडाचा व्यापारी. सोलापुरात बी.कॉम. झालो आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी वडिलांनी हातात गज दिला, तो आजतागायत सुटलेला नाही. विश्वस्तांनी मला ‘मैत्री’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. तत्त्वचिंतन हा माझा प्रांत नव्हे. मग ठरविले, की आपल्या घरात घडलेली एक हकिकत जशी घडली तशी सांगावी. तीत माझी बाजू फारशी शोभादायक नाही, हे आधीच नमूद करून ठेवतो.

माझे चिरंजीव अमेरिकेत ओहायो राज्यातील कोलंबस या शहरी नोकरी करतात. सूनबाई इंग्रजी विषय घेऊन पदवीधर झालेली, शिवाय बी.एड. तेथे तिला काम करण्याची परवानगी मिळाली. परंतु नातू लहान असल्याने बाहेर पडणे शक्य नव्हते. तिने घरबसल्या इंटरनेटवरून चीनमधील मुलांना इंग्रजी शिकविण्याचे काम पत्करले. त्या काळी हा व्यवसाय मोठ्या भरात होता. व्हीआयपीकिड ही यातील सर्वांत गाजलेली कंपनी 2013 साली बीजिंगमध्ये सुरू झाली. तिच्या संस्थापक बाईंचे आडनाव ‘मी’ असे आहे; मराठी माणसाने त्यांची ओळख करून द्यायची म्हटले तर पंचाईतच! या कंपनीचे शिक्षक अमेरिका व कॅनडातले आणि विद्यार्थी चीनमधले. तिचे पाहून तशाच आणखी कंपन्या निघाल्या, त्यांपैकी एकीत सूनबाई शिकवीत असे.

या धंद्याचे गणित मला व्यापारी म्हणून मोठे मनोरंजक वाटले. चीनमध्ये 2001 सालापासून प्राथमिक शाळेच्या तिसऱ्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविण्याचे धोरण आले. पुढे विद्यापीठ प्रवेशाच्या परीक्षेतही इंग्रजी आहेच. एक अपत्याच्या कायद्यामुळे घरात मूल एक, आणि त्याच्यामागे आई-वडील व दोन्हीकडचे आजी-आजोबा मिळून सहा मोठी माणसे. साऱ्यांची उमेद त्या एका जिवावर. अशा घराला अमेरिकेतला शिक्षक घरबसल्या, एकास एक, पंचवीस मिनिटांसाठी मिळाला, तर ते पैसे मोजणारच. दुसरीकडे अमेरिकेत लहान मुलांच्या माता आणि तुटपुंज्या पगाराचे शाळाशिक्षक, यांना पहाटेचे दोन तास विकून तासाला चौदा ते बावीस डॉलर मिळत. एकीकडे रात्र, दुसरीकडे दिवस; दोन्हींच्या मधल्या फटीत हा बाजार उभा राहिला.

डिसेंबर 2019 मध्ये मी आणि सौभाग्यवती कोलंबसला गेलो. हिवाळ्यात तेथील घड्याळ चीनच्या तेरा तास मागे असते. चीनमधली मुले शाळेतून येऊन, जेवून संध्याकाळी सहाला बसत, तेव्हा आमच्याकडे पहाटेचे पाच. बाहेर बर्फ, घरात सारे निजलेले, आणि स्वयंपाकघरालगतच्या कोपऱ्यात सूनबाई दिवा लावून, भिंतीला नकाशा टांगून, हातात कापडी माकड नाचवीत ‘दिस इज अ मंकी’ म्हणत असायची. मला पहाटे उठण्याची सवय. मी चहा करायला गेलो, की तिच्या मागून माझी सावली पडद्यावर जाई. एके दिवशी पलीकडून एका मुलीने विचारले, ‘टीचर, हू इज दॅट?’

ती मुलगी सात वर्षांची. दात पडलेले, केसांच्या दोन शेंड्या. सूनबाईने मला खुर्चीजवळ बोलावून सांगितले, ‘हे माझे पप्पा, म्हणजे माझ्या यजमानांचे वडील.’ मुलीने मागे वळून कोणाला तरी विचारले आणि मला हाक मारली, ‘येये!’ चिनी भाषेत येये म्हणजे वडिलांचे वडील. आईच्या वडिलांना तेथे निराळा शब्द आहे. आपण मराठीत दोघांनाही आजोबाच म्हणतो. कोणत्याही वडीलधाऱ्या पुरुषाला मुले आदराने येये म्हणतात, हे मला पुढे कळले. त्या दिवशी मात्र नवा नातू मिळावा तसे वाटले.

मुलीचे घर झेजियांग प्रांतात, शाओशिंग शहराच्या कछ्याओ या भागात. नाव ऐकताच मी चहाचा कप खाली ठेवला. आपल्यापैकी कापडाच्या धंद्यातील मंडळींना हे नाव ठाऊक असेल. जगातील सर्वांत मोठ्या कापडबाजारांत कछ्याओची गणना होते. पॉलिएस्टर, ग्रे, डाइंग, प्रिंटिंग, पडद्याचे कापड, जे मागाल ते तेथे. आपल्याकडचे शेकडो व्यापारी तेथे जाऊन-येऊन आहेत, काही तेथेच राहतात. त्या मुलीच्या वडिलांचे त्याच बाजारात दुकान होते. सूनबाईने तिला सांगितले, की येयेसुद्धा कापडच विकतात. मुलगी धावत गेली आणि वडिलांना हात धरून घेऊन आली. गृहस्थ चाळिशीच्या आतले, स्वेटर घातलेले, संकोची. त्यांना इंग्रजीचे चार शब्द येत होते, मला चिनीचा एकही नाही. त्यांनी हँगरला लावलेल्या नमुन्यांचा एक गठ्ठा आणला आणि एकेक नमुना कॅमेऱ्यासमोर धरू लागले. कापड डोळ्यांनी नव्हे, चिमटीने पाहायचे असते. माझी बोटे आपोआप वळवळली. त्यांनी ते पाहिले आणि हसले. ते हसणे मला समजले. एका दुकानदाराचे दुसऱ्या दुकानदाराला.

तास पंचवीस मिनिटांचा. शेवटी पडद्यावर पाच चांदण्या उमटत आणि सारे एकदम बंद होई. कंपनीचा नियम असा होता, की शिक्षकाने पालकांशी परस्पर संपर्क ठेवू नये. नियम योग्यच होता. अन्यथा कंपनीचे गिऱ्हाईक उद्या शिक्षकाचे होईल. मी सूनबाईला तसे सांगितलेही.

जानेवारी 2020 मध्ये वूहान शहर बंद झाले. दोनच दिवसांनी, 25 तारखेला, त्यांचे नववर्ष होते. सणाच्या सुट्टीत बंद झालेला कछ्याओचा बाजार सुट्टी संपल्यावर उघडलाच नाही. मुलीची शाळा बंद, वडिलांचे दुकान बंद. त्या दिवसांत तो पंचवीस मिनिटांचा तास त्या घरातील सर्वांचाच झाला. मुलीच्या मागे आजी येऊन बसू लागली. वडील दाराशी उभे राहून ऐकत. सणाच्या तोंडावर माल भरून ठेवलेला, गिऱ्हाईक नाही, कामगार गावी अडकलेले, आणि येणी कोठे आहेत ते देवाला ठाऊक. हे सारे त्या माणसाच्या चेहऱ्यावर मला वाचता येत होते. सूनबाईला ते दिसले नसेल. तिला त्याच्या मुलीचे ‘आर’ आणि ‘एल’ यांतील घोटाळे दिसत होते.

मार्चमध्ये पाळी आमच्यावर आली. 23 मार्चपासून ओहायोत घरातच राहण्याचा आदेश लागू झाला. त्याच सुमारास भारताने आंतरराष्ट्रीय विमाने बंद केली. आमचे परतीचे तिकीट एप्रिलचे होते, ते कागदच उरले. कोलंबसच्या दुकानांत मुखपट्टी मिळेना. सौभाग्यवतीला दम्याचा त्रास. एके सकाळी तास संपता संपता मुलीच्या आईने एक कागद कॅमेऱ्यासमोर धरला. त्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिले होते, ‘टीचर, युअर ॲड्रेस प्लीज. मास्क.’

सूनबाईने माझ्याकडे पाहिले. करारभंग होता. मी आयुष्यभर शब्द पाळण्याचा आग्रह धरलेला माणूस. पण त्या दिवशी मी तोंडातून अक्षर काढले नाही. तिने पत्ता लिहून दाखविला. अडीच-तीन आठवड्यांनी खोके आले. शंभर मुखपट्ट्या, आणि तळाशी मुलीने काढलेले चित्र: एक शिक्षिका, एक माकड आणि चहाचा कप घेतलेला येये. चीनच्या बाजारात त्या वेळी मुखपट्टीची काय स्थिती होती, हे मी त्यांच्या वडिलांच्या तोंडून पुढे ऐकले. घरातल्या वाट्यातून त्यांनी ते खोके भरले होते.

आता पुढचा भाग.

15 जून 2020 च्या रात्री गलवान खोऱ्यात आपले वीस जवान हुतात्मा झाले. आम्ही कोलंबसलाच होतो. दूरचित्रवाणीवर तिरंग्यात लपेटलेल्या पेट्या पाहून मला रात्रभर झोप आली नाही. त्या संतापाबद्दल मला आजही लाज वाटत नाही. जवानांच्या बलिदानाविषयी ज्याला काही वाटत नाही, तो कसला नागरिक. परंतु दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे स्वयंपाकघरात जाणे बंद केले. चहा उशिरा घेऊ लागलो. मुलगी विचारी, ‘व्हेअर इज येये?’ सूनबाई उत्तर देई, ‘येये इज स्लीपिंग.’ मी जिन्यावर जागा बसून ते ऐकत असे. आठ-दहा दिवस हा प्रकार चालला. सूनबाईने मला एका शब्दाने विचारले नाही. माझ्याकरिता ती रोज खोटे बोलत होती, आणि मी तिला रोज बोलायला लावत होतो.

जुलैअखेर ‘वंदे भारत’ योजनेच्या विमानाने आम्ही परतलो. त्यापूर्वीच, 29 जूनला, भारत सरकारने एकोणसाठ चिनी ॲपवर बंदी घातली होती. त्यांत त्या कुटुंबाचे वीचॅटही होते. मला त्याचे काही वाटले नाही.

पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या व्यापारी मंडळींची सभा झाली. एकेक खुर्ची सोडून बसलेले सभासद आणि चिनी मालावरील बहिष्काराचा ठराव. ज्येष्ठ म्हणून मला बोलायला उभे केले. चिनी ब्लँकेटने आपल्या चादरीचे काय नुकसान केले, स्वस्त पॉलिएस्टरपुढे आपले यंत्रमाग कसे बसले, हे मी सांगितले. त्यातले बरेचसे खरे होते आणि आजही मी ते म्हणेन. धंद्यात भावाची लढाई करावीच लागते. पण टाळ्या पडू लागल्या, की वक्त्याचा तोल जातो. बोलण्याच्या भरात मी म्हणालो, ‘चिनी माणूस हा मुळात विश्वासाला पात्रच नाही. त्याच्या घरातले पाणीसुद्धा पिऊ नये.’ सभागृह दणाणले.

मी खाली बसलो. श्वास लागला होता म्हणून तोंडावरची पट्टी सैल करायला हात गेला, आणि बोटांना कापड कळले. सौभाग्यवतीने सकाळी पिशवीतून काढून दिलेली ती मुखपट्टी कोलंबसहून आणलेल्या खोक्यातली होती. त्या माणसाने स्वतःच्या मुलीच्या वाट्यातून काढून पाठविलेल्या कापडाआडून मी ते शब्द बोललो होतो. शेजारी बसलेले मित्र माझी पाठ थोपटीत होते. मी त्यांना काही सांगितले नाही. घरीही सांगितले नाही. ठराव मंजूर झाला आणि मी त्यावर सही केली.

एप्रिल 2021. त्या महिन्याचे वर्णन मी या सभागृहात करण्याची आवश्यकता नाही. येथे असे घर नसेल, ज्याने त्या महिन्यात काही गमावले नाही. सौभाग्यवतीला ताप आला आणि चौथ्या दिवशी प्राणवायूचे प्रमाण शहाऐंशीवर उतरले. एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात, रिक्षात, मांडीवर तिचे डोके घेऊन मी हिंडलो. तिसऱ्या ठिकाणी खाट मिळाली. चिरंजीव कोलंबसहून फोनवर रडत होते. सूनबाईने त्या आठवड्याचे सारे तास रद्द केले. कारण कळताच मुलीच्या आईने तिला निरोप पाठविला: यंत्र पाठवितो, पत्ता द्या. हवेतून प्राणवायू वेगळा करणारे ते यंत्र आपणां सर्वांच्या परिचयाचे झालेच आहे. आपल्याकडे तेव्हा ते पैसे देऊनही मिळत नव्हते.

त्या गृहस्थांनी यंत्र मिळविले, परंतु ते निघेना. त्याच दिवसांत चीनहून भारताकडे येणारी काही मालवाहू उड्डाणे स्थगित झाली होती. आयातीचे नियमही आडवे होते. 30 एप्रिलला सरकारने वैयक्तिक वापराकरिता असे यंत्र भेट म्हणून टपालाने वा कुरिअरने मागविण्यास 31 जुलैपर्यंत मुभा दिली, तेव्हा मार्ग मोकळा झाला. यंत्र सोलापुरात पोहोचले ते मेअखेर. तोवर जिनेश्वरांच्या कृपेने आणि डॉक्टरांच्या कष्टाने सौभाग्यवती घरी आली होती.

खोके उघडले तर माहितीपुस्तिका संपूर्ण चिनी. बटणांवरही चिनी अक्षरे. प्लगची पिन आपल्या सॉकेटमध्ये बसेना. विजेचा दाब मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखाच, एवढे नशीब. मी चिरंजीवांना फोन केला. दुसऱ्या दिवशी कोलंबसमार्गे एक चित्रफीत आली. कोलंबसमार्गे अशासाठी, की त्यांच्याकडे व्हॉट्सॲप चालत नाही आणि आमच्याकडे वीचॅट बंद. त्यामुळे आमचा सारा माल सूनबाईच्या गोदामात उतरून, पेटी बदलून पुढे जाई. चित्रफितीत ती मुलगी, आता साडेआठ वर्षांची, तसल्याच एका यंत्राशेजारी उभी होती. समोर कोणीतरी कागद धरला असावा, कारण तिची नजर अधूनमधून बाजूला जात होती. ती म्हणाली, ‘हॅलो येये. आय ॲम युअर टीचर टुडे.’ मग तिने एकेक बटण दाखविले. पाणी कोठवर भरायचे, नळी कोठे लावायची, गाळणी आठवड्यातून एकदा कशी धुवायची. ‘येये, डू नॉट स्मोक निअर द मशीन.’ मी जन्मात विडीला हात लावलेला नाही; पण मी ‘यस टीचर’ म्हणालो. मोठ्याने म्हणालो. सौभाग्यवती आतून विचारू लागली, की कोणाशी बोलता.

ते यंत्र आमच्या घरी लागले नाही, परंतु रिकामेही राहिले नाही. जून-जुलैत आमच्या गल्लीतील तीन घरांत ते फिरले. व्यापारी सभेत माझी पाठ थोपटणाऱ्या त्या मित्राचे वडील अकरा दिवस त्याच्यावर होते. यंत्र कोठले, असे त्याने विचारले तेव्हा मी सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘शेठ, पिन बदलायला हवी हो याची.’ त्यानेच इलेक्ट्रिशियन आणून ती बदलून दिली.

24 जुलै 2021 रोजी चीन सरकारचा नवा आदेश प्रसिद्ध झाला. मुलांवरील गृहपाठाचा आणि खासगी शिकवणीचा असा दुहेरी भार कमी करायचा, हा त्याचा हेतू. म्हणून त्याला ‘दुहेरी कपात’ म्हणतात. शालेय विषयांची शिकवणी नफ्यासाठी चालविता येणार नाही, सुट्टीच्या दिवशी घेता येणार नाही, आणि परदेशात बसलेल्या शिक्षकांकडून तर मुळीच नाही. काही दिवसांत त्या भरभराटीच्या धंद्याचा पाया खचला. आपल्या मुलांना सात-सात शिकवण्यांना धाडणाऱ्या आईबापांनी या आदेशातील हेतूचा विचार अवश्य करावा, असे मला वाटते. परंतु हजारो शिक्षकांची रोजी गेली, हेही तितकेच खरे. सूनबाईची गेली. अखेरच्या तासाला मुलीची आई, वडील, आजी सारे बसले होते. पाच चांदण्या उमटल्या आणि पडदा काळा झाला. सूनबाई बराच वेळ माकड हातात घेऊन बसली होती, असे चिरंजीव सांगतात.

पुढच्याच शनिवारी रात्री वीचॅटवर घंटा वाजली. त्यांच्याकडे तेव्हा रविवारची सकाळ. तेव्हापासून आजपर्यंत दर आठवड्याला हा परिपाठ आहे. आता त्यात फी नाही, चांदण्या नाहीत आणि पंचवीस मिनिटांची मर्यादाही नाही. नातवाला चार चिनी वाक्ये येतात. मुलीची आजी सूनबाईला ‘लाओशी’, म्हणजे गुरुजी, म्हणते. सूनबाई तिला काय म्हणते ते मला उच्चारता येत नाही.

2024 च्या शरद ऋतूत चिरंजीवांना कामानिमित्त शांघायला जाण्याचा योग आला. सूनबाई व नातू बरोबर होते. मीही मुंबईहून सिंगापूरमार्गे हांगझौ गाठले. तेथून मेट्रोने थेट कछ्याओला जाता येते. बाजाराचे वर्णन करू लागलो तर अध्यक्ष महाशयांना घंटा वाजवावी लागेल. इमारतींमागून इमारती, मजल्यांमागून मजले आणि दर गाळ्यात हँगरवर टांगलेले नमुने. मी पहिल्या तासाभरात शंभर तरी कापडे चिमटीत धरून पाहिली. पॉलिएस्टरवर एवढे काम होऊ शकते, हे मला मान्य करावे लागले. सुती मालात मात्र आपल्या सोलापूरची ऊब नाही, हेही मी त्या गृहस्थांना तेथेच सांगितले.

मी बरोबर दोन सोलापुरी चादरी नेल्या होत्या. आजीने चादर उलटून पाहिली, पुन्हा सुलटी केली. दोन्ही बाजूंना नक्षी, फक्त रंगांची अदलाबदल. तिने जावयाला काहीतरी विचारले. मुलीने, आता बारा वर्षांच्या झालेल्या, उंच, गंभीर मुलीने, भाषांतर केले: ‘आजी विचारते, यातली आतली बाजू कोणती?’ मी म्हणालो, आतली बाजू नाहीच.

जेवणाची मला चिंता होती. सूनबाईने कळविले होते, की आम्ही मांसाहार, अंडी घेत नाही, कांदा-लसूणही नाही. आजीला त्यात काहीच नवल वाटले नाही. ती बुद्धभक्त, चांद्रमासाच्या प्रतिपदेला आणि पौर्णिमेला शाकाहार करते. तेथील बौद्ध मठांतल्या अन्नात कांदा, लसूण आणि तशाच उग्र वासाच्या आणखी भाज्या मिळून पाच पदार्थ वर्ज्य असतात. माझ्याकरिता तिने नवी कढई आणली होती. टोफू, हिरव्या भाज्या आणि बांबूचे कोंब. बांबूचा कोंब कंदमुळात धरावा की नाही, याविषयी सौभाग्यवतीचे व माझे अद्याप एकमत झालेले नाही. मी खाल्ला, हे मात्र खरे.

जेवताना मुलीच्या आजोबांनी विचारले, भारतातले गाव कोणते? मी सोलापूर म्हटले. ते त्यांना कळेना. मग मला सुचले आणि मी डॉक्टर कोटणीस म्हणालो. तेही कळेना. सूनबाईने फोनवर त्यांचे चिनी नाव काढून दाखविले: क दीह्वा. म्हातारा एकदम उठून उभा राहिला. 1938 साली काँग्रेसने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांत आमच्या सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे डॉक्टर चोळकरही. त्या पाचांनी आपापल्या चिनी नावाअखेर ‘ह्वा’ हे चीनवाचक अक्षर जोडून घेतले होते. कोटणिसांनी तेथेच विवाह केला आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच देह ठेवला. आजोबांनी कागद मागविला आणि कोटणिसांच्या नावाचे पहिले अक्षर लिहिले. मग त्याखाली आपल्या गावाचे, कछ्याओचे, पहिले अक्षर लिहिले. दोन्ही एकच. मला चिनी अक्षर ओळखता येत नाही, पण दोन सारख्या बुट्ट्या ओळखता येतात.

त्या रात्री मी ठरविले होते, की सभेतली गोष्ट सांगून टाकायची. चार वर्षे ती माझ्या गळ्यात अडकली होती. अडचण अशी, की आमच्यातील दुभाषी ती मुलगीच. सूनबाईला चिनी इतकी येत नाही. बारा वर्षांच्या मुलीच्या तोंडून तिच्या बापाला ते वाक्य ऐकवायचे? मी मागेपुढे करीत होतो. शेवटी मी सूनबाईला मराठीत सांगितले, प्रथमच सांगितले. तिने ऐकले आणि म्हणाली, ‘पप्पा, मला माहीत आहे. मम्मींनी तेव्हाच सांगितले होते.’ म्हणजे सौभाग्यवतीला ठाऊक होते! सभेचा वृत्तान्त वर्तमानपत्रात आला होता, हे मी विसरलो होतो.

सूनबाईने ते फोनमधील भाषांतराच्या सोयीत लिहिले आणि फोन त्या गृहस्थांच्या हाती दिला. त्यांनी वाचले. दोनदा वाचले असावे. मग त्यांनी खाली काहीतरी लिहिले आणि फोन माझ्याकडे आला. यंत्राचे मराठी ओबडधोबड असते. त्यातून कळले ते असे: ‘त्या उन्हाळ्यात मीही सासूबाईंना म्हणालो होतो, की भारतीय शिक्षिकेचा तास बंद करू. सासूबाई म्हणाल्या, तू दुकान सांभाळ.’ मी वर पाहिले. ते चहा ओतत होते. मुलगी विचारीत होती, की काय लिहिले आहे, आणि तिला कोणीच सांगत नव्हते.

निघताना त्यांनी मला एका कापडाचा तीन मीटरचा तुकडा दिला. मी भाव विचारला. त्यांनी सांगितला. मी सवयीने तो महाग म्हटला. त्यावर त्यांनी आणखी एक मीटर कापला.

जुलै 2025 पासून भारताने चिनी पर्यटकांना पुन्हा व्हिसा देण्यास प्रारंभ केला आणि ऑक्टोबरात दोन्ही देशांतील थेट विमानसेवाही पाच वर्षांच्या खंडानंतर सुरू झाली. त्या मंडळींचा सोलापूरला येण्याचा विचार आहे. आजोबांना कोटणिसांचे स्मारक पाहायचे आहे. मुलीने मागच्या रविवारी विचारले, शाळेच्या सुट्टीत जुलैत येऊ, की त्याआधी मेमध्ये चार दिवस काढू? सोलापूरचा मे महिना कसा असतो, हे मी तिला इंग्रजीत समजावून सांगण्याचा प्रयत्न केला. तिने माझे एक क्रियापद दुरुस्त केले. जुलैत यावे, असे ठरले आहे. आपल्यापैकी कोणास चिनी भाषा येत असल्यास कृपया मला सभेनंतर भेटावे.

जय जिनेंद्र.